पन्नासच्या आसपास

अठरा बेटं. झाड म्हणावं असं क्वचितच.
मेंढ्या, गवत, आडवा वारा, आणि डोंगर ओलांडत
खांबाखांबाने गेलेल्या तारा.
हे सगळं रान्वाच्या पडद्यावर मावतं:
सदतीस ठिपके, एकोणचाळीस रेषा.
समुद्राला तिथे जागा नाही.
तो कुठल्याच समीकरणात येत नाही.

रान्वा वादळं करते.
सकाळी कॉफीआधी एक, जेवणानंतर दोन.
एका क्लिकवर सगळ्या पवनचक्क्या पाडते
आणि बघत बसते
वारंवारता किती खचते,
धरणाचं पाणी किती सेकंदांत धावून येतं,
डिझेलचं जुनं धूड कधी कूस बदलतं.
फार खचली तर एकेक गाव अंधारात सोडायचं.
आधी कुठलं, मग कुठलं, ती यादीही तिचीच.
यादीत तिसरं गाव तिच्या आईचं.
आकड्यांनी ते तिथे बसवलं, तिने हलवलं नाही.
आईला सांगितलंही नाही.

वजनाचं एक बरं असतं.
जड चाक फिरतं असलं
की हात काढल्यावरही, जात्यासारखं,
दोन वेढे आणखी घेतं.
तेवढ्यात माणूस सावरतो.
वाऱ्याच्या अंगात हे वजन नाही.
म्हणून बंदरामागच्या शेडमध्ये
एक चाक नुसतंच फिरतं ठेवलंय:
वीज करत नाही, दळत तर काहीच नाही,
फक्त जड असण्याचा पगार खातं.

तरीही गुरुवारी पहाटे, पाच चाळीसला,
नोंदीत एक खळगा.
पुढच्या गुरुवारी पुन्हा.
मॉडेलमध्ये मात्र रेघ सपाट,
इस्त्री केल्यासारखी.
तिने तारांची लांबी तपासली, रोहित्रं तपासली,
स्वतःचे दशांश तपासले.
तीन आठवडे.

शेवटी सामालकडे गेली.
एक्क्याऐंशीचा. चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला.
त्याच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून
भिंतीतल्या विजेच्या तालावर चालतं.
"या महिन्यात नऊ सेकंद हरलंय," तो म्हणाला,
जणू तिनेच खिशात घातले होते.
मग वाळवलेल्या मटणाचा तुकडा कापत:
"गुरुवारी, पहाटे? हावफुग्लुर असणार.
बोट खाडीच्या तोंडाशी आली
की कारखान्यात बर्फाची यंत्रं एकदम लावतात.
आम्ही खिडकीतून बघायचो.
दिवा दिसला की धरणावर फोन:
उघड जरा."

"नोंदीत कुठेच नाही हे."

"नोंदीत काय लिहायचं? दिवा दिसला?"

नव्या कंट्रोल रूमला खिडकी नाही.
उजेडाने पडदे नीट दिसत नाहीत म्हणून.

रात्री तिने बाविसाव्या ठिपक्यावर
थोडा भार टाकला, त्याला बोटीचं नाव दिलं.
रेघ खचली, अगदी तिथेच, जवळजवळ तेवढीच.
उरलेला फरक केसाएवढा.
त्याच्या मागे ती लागली नाही.
त्यातही कुणीतरी राहत असेल.

गुरुवारी ती स्वतः धक्क्यावर गेली.
धुकं. पाच चाळीस झाले.
खिशातल्या फोनवर मॉडेल वेळेवर खचलं.
बेटं खचली नाहीत.
सहा झाले. एका मेंढीने तिच्याकडे बघितलं
आणि बघणं सोडून दिलं.
सव्वासहा. गोठलेली बोटं बाहीत.
मग धुक्याच्या तळाशी
पिवळट, मोहरीएवढं काहीतरी हललं.

धरणावर रिंग वाजली. खूप वेळ वाजली.
"उघड जरा," ती म्हणाली.

पलीकडे पाण्याचा आवाज, आणि एक झोपाळू पोरगा:
"कोण बोलतंय?"